मोनाच्या काळजाची झडप

गडमुडशिंगीच्या झुंबरबाईचा राग सगळ्या गावाला ठाऊक. दूध मापात मारलं म्हणून तिनं डेअरीच्या चेअरमनला भर चौकात धरलंतं. पण कोल्हापूरच्या दवाखान्यात सुनेच्या खाटंपाशी उभी राहिली, तवा हा राग नेमका कुणावर काढावा हेच तिला कळंना.

सून मोना पाचव्या महिन्यात. चार पायऱ्या चढली की धापायची, आडवं पडलं की जीव घुसमटायचा म्हणून भिंतीला टेकूनच झोपायची. "आमी काय पोटुशी नव्हतो व्हय गं? भारं वाहिलं वैरणीचं," असं झुंबरबाईच टोचायची. मग एक दिवस शेणाची पाटी उचलताना मोनाच्या तोंडातनं गुलाबी फेस आला, अन् सगळ्यांनी तिला गाडीत घालून इथं आणलं.

डॉक्टर म्हणाले, "हृदयाची झडप आकसलीय. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा का?"

मोनाची आई, आक्का, नेसरीहून आली होती. ती मान खाली घालून बोलली, "व्हय. इंजेक्शन चालू होतं, दर तीन आठवड्याला. लगीन ठरलं तवा बंद केलं."

"का?"

"आमच्यात नव्या नवरीसंगं औषध धाडत न्हाईत. सासरी आजारपण जातंय म्हणत्यात."

"मग न्हाय आलं व्हय आजारपण?" झुंबरबाई कडाडली. "रुखवतात पितळंची घागर मांडलासा, अन् पोरीचा रोग तेवढा झाकून ठेवलासा!"

"सांगितलं असतं तर तुमी तिला सून करून घेतलं असतं व्हय?"

झुंबरबाई आणखीच भडकली.

डॉक्टरांनी हात वर करून दोघींना थांबवलं. नसेतनं बारीक फुगा आत घालून झडप उघडता आली असती, पण हृदयात रक्ताची गाठ होती. छाती उघडूनच नवी झडप बसवावी लागणार. "ऑपरेशन चालू असताना रक्त मशीनवर फिरतं. आईला धोका आहेच, बाळाला त्याहून जास्त. बाळ जाऊ शकतं. पण थांबलो तर पोट वाढेल तसा हृदयावरचा ताण वाढेल. मग दोघंही हाताला लागायची नाहीत."

झुंबरबाईचा नवरा केरबा खाकरला. "दोन-तीन महिनं कळ काढूया की. बाळ हातात आलं म्हंजे मग करा काय ते."

"कळ कोण काढणार? तुमी? तुमाला बसल्या जागी चहा लागतोय, अन् कळ काढायची तिनं!" झुंबरबाई नवऱ्यावर उसळली.

"तू गप. वंशाचा इषय हाय."

"म्हस अडली की आधी म्हस वाचवता. रेडकाचं तुकडं करून काढलंय तुमीच! सुनेला म्हशीएवढी तरी किंमत द्या."

पोरगा आदर्श मोबाईलकडं बघत उभा होता. "त्यो ठेव खाली," झुंबरबाई त्याच्यावर वसकली, "बायकोकडं बघ."

डॉक्टर म्हणाले, "निर्णय मोनाचा. सही तिचीच लागेल."

सगळे तिच्याकडं वळले. मोनानं नाकावरची ऑक्सिजनची नळी सारखी केली. "आत्ती, मला मरायचं न्हाय," ती सासूला म्हणाली. एवढं बोलायला तिला मधे थांबून दोनदा श्वास घ्यावा लागला.

"मग कर सही. बघती कोण आडवा येतोय."

ऑपरेशन झालं. मोना शुद्धीवर आली, तिनं पाणी मागितलं. दोन दिवसांनी सोनोग्राफीत बाळाचं काळीज थांबलेलं दिसलं. कळा आणून बाळ बाहेर काढलं. त्या कळा सोसताना मोनाची छाती टाक्यांनी शिवलेलीच होती.

बाहेर बाकड्यावर केरबा पुटपुटला, "म्या सांगत हुतो. आता पुढच्या वर्षी तरी..."

"पुढच्या वर्षाचं नाव काढलासा तर घरात भाकरी मिळायची न्हाय," झुंबरबाई म्हणाली. "पोर पायजे का नको, ते डॉक्टर अन् ती बघतील. तुमाला कोण इचारलंय?"

आत आक्का लेकीच्या पायाशी बसून हुंदके देत होती. झुंबरबाई दारातनंच तिला म्हणाली, "इहीणबाई, रडायचं आसंल तर खाली जावा. आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा."