उजवीकडून वाचणारे चौकटमास्तर

आमच्या चौकटमास्तरांनी गणितात कोणाला "चुकलं" असं कधी म्हटलं नाही. उत्तर पटलं नाही की खडू पुढे करायचे. "मला कावून इचारता? चौकटीलाच इचारा."

चौकट म्हणजे दोन ओळींत, दोन रकान्यांत मांडलेले चार आकडे. अशा प्रत्येक चौकटीचं स्वतःचं एक समीकरण असतं, आणि त्यात क्षच्या जागी ती चौकटच बसवली की सगळं शून्य होतं. मास्तरांना याचं भारी वेड. अंबाजोगाईच्या शाळेत मी त्यांच्याबरोबर शिकवत होतो. दुपारी भाकरी संपायच्या आत ते फरशीवर कोळशाने एखादी चौकट काढायचे. निजामाच्या राज्यात शिकवणं उर्दूत, म्हणून चौकटीतले आकडेही उजवीकडून मांडायचे. मास्तरांची घरची भाषा मराठी. उर्दू तिशीनंतर शिकलेली. म्हणूनच नोकरी अजून हंगामी होती.

एकदा शिक्षणखात्याचे मोहतमिम साहेब शाळा तपासायला आले. मास्तरांना कायम करायचं की घरी पाठवायचं, हे त्यांच्या शेऱ्यावर होतं. मास्तरांनी फळ्यावर उजवीकडून मांडलं: वर १, २, खाली ३, ४. मग म्हणाले, "एक आन् चार पाच. तिरपा गुणाकार: एक चोक चार, दोन त्रिक सहा. चारातून सहा गेले, वजा दोन. समीकरण झालं: क्षचा वर्ग, वजा पाच क्ष, वजा दोन."

"गलत!" साहेब मद्रासला इंग्रजीतून शिकलेले. "आखिर में दो जमा होना, मास्टर. मनफी नै!"

अधिक की वजा, एवढ्यावर मास्तरांची भाकरी अडकली. मास्तरांनी खडू पुढे केला. "चौकटीलाच इचारा, साहेब."

साहेबांनी आपल्या समीकरणात चौकट बसवली. शून्य. शेजारी मास्तरांनी आपली बसवली. वर्ग ७, १०, १५, २२. पाचपट ५, १०, १५, २०. वजाबाकीत समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर दोन-दोन उरले, तेही वजा दोनाने खाल्ले. शून्य!

साहेबांनी दोन्ही शून्यांवर बोट ठेवून मास्तरांकडे पाहिलं.

"साहेब, तुमी डावीकडून वाचलं, इंग्रजीवानी. वर २, १; खाली ४, ३. मी सरकारच्या जबानीत, उजवीकडून वाचलं. दोघांचंबी बराबर हाय."

साहेब टेबलावर थाप मारून हसले. "अरे मास्टर, उर्दू मैं भूला, तुम नै!" आणि तिथेच उभ्या उभ्या त्यांनी शेरा लिहिला: कायम.

पुढे औरंगाबादच्या मोठ्या शाळेने मास्तरांना मानाने बोलावून घेतलं. टांग्यात बसताना मी विचारलं, "मास्तर, तिथं चौकट कोणीकडून मांडणार?"

"कुठूनबी मांडू की," ते म्हणाले. "शेवटाला शून्य आलं म्हंजे झालं."