भाऊजींच्या हौदातलं पाणी

आमच्या भाऊजींनी आयुष्यभर एकच काम केलं, ते म्हणजे नाही म्हणायचं. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात ते तपासनीस होते. पट्ट्यावरून बाटल्या सरकत यायच्या, मागे दिवा असायचा, आणि हे महाशय स्टुलावर बसून एकेक बाटली उचलून बाजूला टाकायचे. बुडबुडा दिसला, टाक. मान वाकडी, टाक. त्याचा त्यांना पगार मिळायचा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण माणूस घरी येताना निदान ते स्टूल तरी कारखान्यात ठेवून येतो! यांनी नाही ठेवलं. लग्नाचे फोटो नापास, भाड्याची घरं नापास, मुलीसाठी आलेली स्थळं एकजात नापास. शेवटी भाचीने आपलं आपण जमवलं आणि लांब निघून गेली, तेव्हा म्हणतात कसे, "मला विचारलं असतं तर बरं झालं असतं." डोंबलाचं बरं झालं असतं!

मी ताईची धाकटी बहीण. मेहुणी आहे, त्यामुळे मी दोन शब्द जास्त बोलते आणि ते त्यांना ऐकून घ्यावे लागतात.

निवृत्त झाल्यावर नाही म्हणायला घरात एकटी ताई उरली. त्यातच तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नवा गुडघा बसवला, पण तो वाकेना. व्यायाम शिकवायला येणारी बाई फटकळ होती, पण मनाने चांगली. तिने सांगितलं, "रोज कमरेइतक्या पाण्यात चाला. पाण्यात अंगाचा भार जाणवत नाही, दुखेल कमी, वाकेल जास्त. पण आत्ताच. आतून एकदा घट्ट झालं की मी काय, कोणीच काही करू शकणार नाही." घरातली झोपायची खोली वरच्या मजल्यावर. ताई खाली दिवाणखान्यात सोफ्यावर झोपायची, आणि जिना तिला नुसता बघण्यापुरता होता.

मागच्या अंगणात आधीच्या मालकाने बांधलेला स्विमिंग पूल होता. मी त्याला हौद म्हणते, भाऊजींना राग येतो. इतकी वर्षं तो कोरडाच पडलेला, तळाला पाचोळा. भाऊजींनी तो घासून घेतला, भेगा बुजवल्या, पायऱ्यांशी धरायला दांडा बसवला आणि पाणी भरलं. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला त्यांचं कौतुक वाटलं होतं. मी बॅग घेऊन मदतीला राहायला आले. ताईने पोहायचा पोशाख विकत घेतला, साठी उलटल्यावर पहिल्यांदा! लाजत लाजत अंगाला लावून दाखवला, आणि आम्ही दोघी पोट धरधरून हसलो.

तो पोशाख खुंटीवरच लटकत राहिला, कारण पाणी पास होईना.

रोज सकाळी अर्धी चड्डी घालून भाऊजी काठावर गुडघे टेकून बसायचे. त्यांचे दोन्ही गुडघे मस्त वाकायचे, आणि तेच नेमकं माझ्या डोक्यात जायचं. बोटभर काचेची नळी पाण्याने भरायची, तिच्यात गोळी टाकायची, हलवायची आणि जो रंग येईल तो डब्यावरच्या पट्टीशी ताडून बघायचा. एका नळीत पाणी किती आंबट ते कळतं, दुसरीत क्लोरीन किती ते. पहिल्यांदा पाणी आंबट निघालं म्हणून सोडा ओतला. मग सोडा जास्त झाला म्हणून ॲसिड. मग पाणी दुधाळ झालं म्हणून गाळ खाली बसवायची पावडर. ताई काठावरच्या खुर्चीत, पाय पुढे लांब करून.

"आज उतरू का हो?" ती विचारायची.

"आज नको. पाणी अजून बसलं नाही."

पाणी बसलं नाही म्हणे! बसून होती ती माझी बहीण.

एकदाचा आंबटपणा जागेवर आला, तर क्लोरीन रुसलं. नळी गुलाबी व्हायला हवी, ती आपली निर्मळ, रंगाचा पत्ताच नाही. "शून्य!" भाऊजी म्हणाले, आणि शपथेवर सांगते, त्यांचा चेहरा खुलला. डबाभर पावडर ओतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य, पुन्हा पावडर. ऊन क्लोरीन खाऊन टाकतं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, मग उन्हाचा वाटा म्हणून वर आणखी. मागचं दार उघडलं की आमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"भाऊजी, एवढा वास मारतोय आणि शून्य कसं असेल?"

"वास येतो म्हणजेच क्लोरीन कमी पडतंय. सामान्य माणसाला हे कळत नाही."

सामान्य माणूस म्हणजे मी. तर एका सकाळी या सामान्य माणसाच्या हातून टॉवेलचं टोक पाण्यात पडलं. टॉवेल गडद तपकिरी. वाळला तेव्हा ते टोक पिवळट पांढरं, आजारी माणसाच्या नखासारखं. मी तो तसाच त्यांच्या नाकासमोर धरला. "हे बघा. जे टॉवेलचा रंग खातं, ते नळीतला रंग सोडेल होय? क्लोरीन कमी नाही, उतू चाललंय. म्हणून तुमची नळी पांढरी पडते!"

ते हसले. लहान मुलाकडे बघून हसावं तसे हसले, आणि माझं टाळकंच सरकलं. मी त्यांचं मनगट धरलं, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि म्हटलं, "टाका गोळी. इकडेतिकडे बघायचं नाही." कारण रोजचा प्रकार मी बघत होते ना! गोळी टाकली की हे चष्मा शोधत बसायचे, आणि तेवढ्यात काय व्हायचं ते होऊन जायचं. गोळी पडली. नळी भडक गुलाबी झाली आणि बघता बघता पुन्हा निवळली. दोघांनीही पाहिलं.

"झाली होती की नाही गुलाबी?"

भाऊजींनी नळी रिकामी करून डब्यात ठेवली. मग म्हणाले, "गोळ्या नापास आहेत." आणि दुसरी डबी आणायला बाजारात निघून गेले. अशा माणसापुढे डोकं आपटून घ्यायचं की काय करायचं, तुम्हीच सांगा.

त्याच आठवड्यात व्यायामवाली बाई आली. तिने ताईचा पाय हातात धरून वाकवून बघितला, ताई कळवळली. "पाण्यात गेला होतात?" बाईने विचारलं. ताईने मान खाली घातली, जसं काही तीच चुकली होती. "आता आणखी दिवस घालवलेत तर पाय असाच काठीसारखा राहील. मग मला बोलावू नका," बाई म्हणाली आणि तडक गेली.

त्या दुपारी ताई काठी टेकत अंगणात आली. आयुष्यात तिने कधी नवऱ्यापुढे आवाज चढवला नव्हता, तेव्हाही नाही चढवला. एवढंच म्हणाली, "अहो, आता पावडर ओतणं थांबवा. अर्धं पाणी काढा, ताजं भरा. मी उद्या उतरते."

"उतरते काय?" भाऊजी दचकलेच. "तू उतरलीस की माझ्या इतक्या मेहनतीवर पाणी! अंगाचं तेल, घाम, ते गुडघ्याचं मलम..."

"मग मी उतरायचं कधी?"

आणि या माणसाने खरोखर विचार केला हो. हनुवटीवर बोट ठेवून, मान तिरकी करून. "पाणी एकदा अगदी हवं तसं झालं ना," ते म्हणाले, "मग ते बिघडवायचं कशाला, तूच सांग."

माझा हात शिवशिवला होता, पण ताईने मला डोळ्यांनीच थांबवलं. ती रडली नाही की चिडली नाही. थोडा वेळ त्या निळ्याशार पाण्याकडे बघत राहिली, मग मला म्हणाली, "तुझ्या घराजवळ तो सगळ्यांचा पोहायचा तलाव आहे ना गं? सकाळी किती वाजता उघडतो?"

संध्याकाळी आम्ही दोघी माझ्या फ्लॅटवर, आणि दुसऱ्या सकाळी तलावावर. तो तलाव म्हणजे काय वर्णावा! एका टोकाला शाळेची पोरं माकडासारख्या उड्या मारताहेत, पहारेकरी शिट्टी वाजवून वाजवून दमलाय, पाण्यावर कोणाच्या तरी बोटावरची चिकटपट्टी तरंगतेय, आणि पाण्याचा रंग भांडी विसळल्यासारखा. भाऊजी तिथे घेरी येऊन पडले असते. ताई दांडा धरून एकेक पायरी उतरली, कमरेपर्यंत गेली आणि चालायला लागली. एक पोरगं तिच्या तोंडावर पाणी उडवून पसार झालं. "अगं, दुखत नाही!" ती तिथूनच ओरडली. "खरंच दुखत नाही!" मी काठावर बसून ढसाढसा रडले, लाज सोडून.

ती रोज जायला लागली. इकडे भाऊजींचं काय झालं, तर समोर नाही म्हणायला कोणी उरलं नाही आणि त्यांचा उत्साहच मावळला. डबे पडून राहिले, हे टीव्हीसमोर बसून राहिले. ऊन क्लोरीन खातं, एवढं मात्र त्यांनी खरं वाचलं होतं. उन्हाने गुपचूप आपलं काम केलं. या माणसाने काही केलं नाही म्हणूनच पाणी ताळ्यावर आलं, आणि एक दिवस फोन वाजला.

"गुलाबी आलं!" भाऊजी नुसते ओरडत होते. "पट्टीशी तंतोतंत! पास! तिला ताबडतोब घेऊन ये."

माझ्या जिभेवर चांगलं शेलकं उत्तर आलं होतं, पण ताईने फोन काढून घेतला. ती नुकतीच व्यायामवाल्या बाईकडून आली होती.

"ऐका," ती म्हणाली, "माझा गुडघा वाकायचा तेवढा वाकला. बाईंनी आज सांगितलं. हळूहळू जिना चढेन. पण खाली बसणं गेलं ते गेलंच. थोडं आधी पाण्यात गेले असते तर तेही जमलं असतं, म्हणाल्या."

मी फोनला कान लावला. मग भाऊजींचा आवाज आला, एकदम बारीक.

"मग आता या पाण्याचं काय करू?"

"जपून ठेवा," ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.