आबांची हाळी

आमच्या माळावर कुणाला चकवा लागतो, कुणाला ओढ्याकाठी बाई दिसते. चुलते असं काही सांगत आले की ‘किती घेतली होती?’ असं तोंडावर विचारणारी मी. पशुवैद्यकीयला शिकते, त्यामुळे तर जास्तच. या ग्रुपवरचे अनुभव वाचतानाही निम्म्यांना मनातल्या मनात हसले आहे, हे आधीच कबूल करते... आता तुम्ही मला हसा, हरकत नाही.

आमची धनगरांची वस्ती भोंगवलीच्या वरच्या अंगाला. थोडी घरं आणि घरांपेक्षा जास्त मेंढरं. माझे वडील, म्हणजे आबा, त्यांची हाळी आजूबाजूच्या चार गावांत ओळखू यायची. आधी जीभ टाळूला लावून ‘ट्रुर्रर्र’, मग लांबवलेलं ‘हेऽऽय’, आणि शेवटी तंबाखूनं दिलेला एक ठसका. तो ठसका ते मुद्दाम काढत नसत, पण मेंढरं वळायची ती त्याच्यावरच. माझ्या थोरल्या भावानं, दादानं, कितीदा नक्कल केली. एक मेंढरू मान वर करायचं नाही.

गेल्या वर्षी कॉलेजकडून मला एका सेमिस्टरसाठी आयर्लंडला जायला मिळालं. चार देशांच्या चार पोरी, एक किचन आणि फ्रिजमध्ये प्रत्येकीला एक कप्पा. माझ्या लसणाच्या चटणीवरून पहिल्याच आठवड्यात मीटिंग भरली होती! त्यातली स्पेनची मार्ता माझ्याच वर्गात, तिच्याशी गट्टी जमली. आठवड्यातून एकदा कॉलेजच्या डोंगरातल्या फार्मवर प्रॅक्टिकल असायचं. तिथल्या मेंढरांना फक्त कुत्रा आणि खाद्याची बादली कळते, माणसाची हाक माहीतच नाही. मी हौसेनं आबांसारखी हाळी देऊन बघितली, तर मेंढरं राहिली बाजूला, मार्ताच हसून हसून खाली बसली.

असंच एका सकाळी आम्ही मेंढ्यांचे खूर तासत होतो. असाइनमेंटसाठी मी मोबाईलवर व्हिडिओ घेत होते. आणि वरच्या टेकाडावरून हाळी आली... ट्रुर्रर्र... हेऽऽय... आणि तो ठसका.

घरची आठवण आली असेल, भास झाला असेल – दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. पण उतारावरच्या सगळ्या मेंढ्या चरायच्या थांबल्या होत्या आणि माना वर करून त्याच टेकाडाकडे बघत होत्या. मार्तानं हाळीबिळी काही ऐकली नव्हती. तरी तिनंच मला विचारलं, “यांना काय झालं?”

नंतर व्हिडिओ पाहिला. त्यात वारा आहे, मेंढ्यांच्या वळलेल्या माना आहेत, माझं दचकून ‘आबा?’ म्हणणं आहे. हाळी नाही.

तिथूनच घरी फोन लावला. दादानं बऱ्याच वेळानं उचलला. “आबांचा घसा बसलाय. डॉक्टर बोलू नका म्हणल्यात. तू तुजा अब्यास कर.” त्यानंतर व्हिडिओ कॉलवर आबा नुसते मान हलवायचे, गळ्याला मफलर. “आबा, एक शब्दबी न्हाई? एवढा कसला राग?” म्हणून मी चिडवायचे. ते हसायचे आणि आई लगेच मोबाईल दुसरीकडे फिरवायची.

परीक्षा संपवून परत आले तेव्हा दादा मुंबईला घ्यायला आला होता. शिवऱ्याला चहासाठी गाडी थांबवली आणि तिथं त्यानं सांगितलं.

“घशात गाठ निगाली. पुण्याच्या दवाखान्यात आवाजाची पेटीच काडली आबांची. तुला कळलं असतं तर परीक्षा टाकून आली असतीस. आबांनीच शपथ घातली आमाला.”

मी टपरीवरच त्याच्याशी भांडले. माणसं बघत होती, बघू देत म्हटलं. मग तो हळूच म्हणाला, “आप्रेशनला आत न्यायच्या आदी सिस्टर म्हणली, काका, घरच्यांशी काय बोलायचं त्ये बोलून घ्या. आई आन् म्या म्होरं हुबं. तर आमच्याकडं बघितलंबी न्हाई. खिडकीकडं त्वांड केलं आन् हाळी दिली. मेंढरांची! आख्खा वॉर्ड गप झाला.”

मी दिवस विचारला. तिकडची-इकडची वेळ जुळवून बघितली. तोच दिवस होता, आणि वेळही तीच. चहा तसाच टाकून मी गाडीत जाऊन बसले.

घरी कळपाचे हाल होते. मेंढरं दादाचं ऐकत नव्हती, लोकांच्या कांद्यात शिरत होती, काही लांडग्यानं नेली होती. आबांच्या तोंडून आता साधी शीळही निघत नव्हती. “यत्या बाजाराला इकून टाकू,” दादा म्हणाला. आबांनी मान खाली घातली. आवाज तर गेलाच होता, आता मेंढरंही गेली तर हा माणूस किती दिवस उठून बसेल, याची मला भीती वाटली.

दिवस कलताना आबांजवळ जाऊन बसले. त्यांना तिकडची मेंढरं दाखवावीत म्हणून तोच व्हिडिओ लावला. वाऱ्याचा आवाज सुरू झाला आणि खाली पांगलेल्या आमच्या कळपानं एकदम माना वर केल्या. मग सगळी मेंढरं चढ चढून धावत आली! माझ्याभोवती दाटी करून मोबाईल हुंगायला लागली. आबा माझ्या शेजारीच उठून उभे राहिले होते. त्यांच्या गुडघ्यांना घासून मेंढरं पुढे येत होती आणि त्यांच्याकडे एकही बघत नव्हतं.

आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी माझ्या हातातून मोबाईल घेतला, बंद केला आणि खिशात टाकला. मग काठी दगडावर आपटत चालायला लागले. मागं कुणी गेलं नाही. ते परत आले, पुन्हा काठी आपटली, पुन्हा चालू लागले. अंधार पडेपर्यंत हेच चाललं होतं. दादा बांधावरून बघत होता. विकायची गोष्ट त्यानं परत काढली नाही.

आता कळप त्या काठीवर वळतो. व्हिडिओ मात्र आबांनी मला पुन्हा लावू दिलेला नाही.

आपल्याला न ऐकू येणारे बारीक आवाज मेंढरांना ऐकू येतात, हे मी शिकले आहे. मोबाईलमध्ये तसलं काही उतरलं असेल, असंही एकवेळ धरू. पण पुण्यातल्या दवाखान्यातली हाळी आयर्लंडच्या टेकाडावर कशी आली? मला माहीत नाही. कॉलेजात सरांना विचारलं, त्यांनी विषय बदलला.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली होती. परवा आई भाकरी थापत होती तेव्हा बोलून गेले, “शेवटचं बोलायचं तर आपल्या माणसांशी बोलावं. मेंढरांना कशाला हाळी द्यायची?”

आईचा हात थांबला. “येडी का काय तू? मेंढरं तर हितंच व्हती, माळाला. लांब गेल्याली तूच एकटी व्हतीस.”