कावळ्याऐवजी माळढोक

पिशोरच्या दोन एकर रानाच्या सौद्यात माझ्या साडूनं मला फसवलं, आणि तेही एका पक्ष्याला साक्षीला ठेवून. गुलमंडीत फुटपाथवर टॉवेल विकता विकता मी स्वतःचं कापडाचं दुकान उभं केलं, घासाघिशीत भल्याभल्यांना घाम फोडला. पण असा सौदा आजवर कोणी मोडला नव्हता.

साडूभाऊ म्हणजे जिवंतांपेक्षा मेलेल्यांच्या सल्ल्यानं चालणारा जगातला एकमेव निवृत्त कारकून. वडील जाऊन बारा वर्षं झाली, तरी चप्पल घ्यायची तर आधी आण्णांच्या फोटोला विचारणार. एसटीत खिडकीची जागा मिळाली तर पहिला थांबा येईपर्यंत तिथं बसत नाहीत. आण्णांना खिडकी आवडायची. एकदा माझ्या दुकानात शर्टाचं कापड पसंत करून घरी गेले आणि तासाभरात फोन: "शेठ, आण्णा नाय म्हणतेत. रंग लई भडक हाय." मी ओरडलो, "फोटोला रंग दिसतो का हो?" तर शांतपणे म्हणतात, "त्यांना समदं दिसतं."

असल्या माणसानं रान द्यायचा शब्द दिला, तेव्हा मी सावध झालो. शब्द दिलेला माणूस खरेदीखत होईपर्यंत नजरेआड होऊ द्यायचा नाही, हा माझा नियम. पितृपंधरवड्यात कापडाच्या दुकानात माशी फिरकत नाही, म्हणून मी दरवर्षी तेव्हाच फिरायला निघतो. यंदा साडूभाऊंनाही सोबत घेऊन जैसलमेर गाठलं. त्यांची अट एकच: आण्णांची तिथी मध्येच येत होती, तेव्हा कावळ्याला घास ठेवता आला पाहिजे.

तिथीच्या दिवशी हॉटेलच्या आचाऱ्याकडून भात, खीर, उडदाचे वडे करून घेतले. सगळं मिळालं, फक्त कावळा मिळेना. भर दुपारी जीप करून आम्ही वाळवंट पालथं घातलं. शेवटी एका खुरट्या गवताच्या माळावर साडूभाऊंनी पत्रावळ मांडली, हात जोडले, डोळे मिटले. आभाळात चिटपाखरू नाही. अर्ध्या तासानं माझं डोकं तापलं. "अहो, वडलांना काहीतरी कबूल करा! कावळा शिवत नाही तेव्हा असंच करतात. उन्हानं मेलो मी!"

साडूभाऊंनी तंबाखू सोडली. काही नाही. बहिणीशी अबोला सोडला. काही नाही. मग गहिवरून म्हणाले, "आण्णा, पिशोरचं रान नाय इकत."

आणि गवत हललं.

कमरेइतका उंच पक्षी बाहेर आला. पांढरी लांब मान, डोक्यावर काळी टोपी, एकेक पाऊल मोजून टाकत, जणू तलाठ्याला जाब विचारायला निघालाय. जीपवाला पुटपुटला, "गोडावण है साब! हिलना मत!" आपला माळढोक. लोक आयुष्यभर शोधतात त्याला. तो पत्रावळीपाशी आला, मान झुकवली, टोच मारली, आणि तसाच सावकाश गवतात निघून गेला.

त्यानं वडा घेतलाच नाही. पत्रावळीच्या काठावर बसलेला नाकतोडा घेतला. जीपवाला फोन काढायला वळला होता. बघितलं ते मी एकट्यानं. साडूभाऊंनी डोळे उघडले तेव्हा पाठमोरी काळी टोपी तेवढी दिसत होती.

"आण्णाच की हो!" म्हणत ते मटकन खाली बसले. गालांवरून पाणी वाहत होतं. "शेठ, घेतला का घास? खरं सांगा."

खरं सांगायला काय लागतं? नाकतोडा, असा एक शब्द. रान माझं झालं असतं.

मी म्हणालो, "घेतला."

आता साडूभाऊ रोज त्या रानात जातात, बांधावर बसून आण्णांशी बोलतात आणि मला हुरड्याला बोलावतात. मी जातो, शिव्या घालत खातो. माझे वडील गेले तेव्हा त्यांनी मागावं असं माझ्याजवळ काही नव्हतंच. पण ते असू द्या. आजवर मीटरला बोटभर कापड जास्त सोडलं नाही मी. त्या दिवशी माझ्या तोंडून तो शब्द कसा निघाला, याचा जाब मला पाहिजे. साडूभाऊंनी द्यावा, नाहीतर आण्णांनी.