ग्रॅम्पस आणि श्रिम्प जेवायला येतात

पोंगलनंतरच्या पहिल्या रविवारी, पेरुंगुडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये, नऊशे ऐंशी रुपयांच्या कोळंबी-सुरमईपायी मी मुलीचं लग्न जवळजवळ मोडलं. स्वयंपाकघरात हजर: मी आणि बायको. मुलगी मृणाल पाहुण्यांना आणायला मैलापूरला गेली होती.

पाहुणे म्हणजे तिच्या ऑफिसातला वेंकट आणि त्याचे आईवडील. तंजावरी मराठी, पक्के शाकाहारी! आम्ही मालवणी. "बाबा, माशांचं हळूहळू सांगू हं," असं मृणालने बजावलं होतं.

पण ती निघाल्यावर वेंकटच्या वडिलांचा, पंचनदरावांचा, इंग्रजीत मेसेज आला. (निवृत्त इंग्रजी शिक्षक!) 'वेंकटबरोबर एक म्हातारा ग्रॅम्पस आणि एक श्रिम्प घेऊन येतोय.'

ग्रॅम्पस फोनवर शोधला. डॉल्फिनच्या कुळातला प्राणी! श्रिम्प म्हणजे तर कोळंबीच!

"अगं, खातात! स्वतः घेऊन येतायत!"

"अहो, डॉल्फिन?"

"ती गंमत असेल. कोळंबी खरी!"

मी बाजारात पळालो. बाराला कालवण उकळत होतं, सुरमई तव्यावर होती आणि वास लिफ्टपर्यंत पोचला होता. (लिफ्ट बंद होती.)

दारात आधी धापा ऐकू आल्या. मग पंचनदराव. "तीन मजले! बघा... म्हटलं नव्हतं... म्हातारा ग्रॅम्पस! जुन्या इंग्रजीत... धापा टाकणारा माणूस! आणि ही... माझी श्रिम्प!"

मागून त्यांच्या कोपराएवढ्या उंचीच्या बाई पुढे आल्या. श्रिम्प म्हणजे बुटकं माणूससुद्धा!

मृणालने मला जे डोळे दाखवले, ते तव्यावरच्या सुरमईलाही नव्हते.

बाईंनी नाक वर केलं. "अय्यो! हाच वास!"

"माफ करा, मी आत्ता..." मी गॅसकडे धावलो.

"थांबा हो! हाच वास वेंकटच्या डब्याला रोज येतो. विचारलं की म्हणतो, लेमन राईस!"

वेंकट उकडलेल्या कोळंबीसारखा लाल. डब्यातलं कालवण अर्थात मृणालने दिलेलं.

पंचनदराव हसून हसून पुन्हा धापा टाकू लागले. बाई म्हणाल्या, "तुम्ही इंग्रजी कमी बोला! आणि वेंकट, तू समोर बसून खा. चोरून खाणारा जावई यांना कशाला?"

म्हणजे लग्न ठरलं!

कोपऱ्यावरच्या शाकाहारी मेसला दोन जेवणांचे तीनशे साठ रुपये मी दिले. जाताना पंचनदरावांनी मला "माय डियर कॉड" म्हटलं. मी लगेच फोन काढला: समुद्री मासा, जुना अर्थ, मूर्ख माणूस. या वेळी मी दोन्ही अर्थ वाचले!