एक रेष खाली

गोविंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळमनुरीकडच्या एका लग्नात शूटिंग करत होतो. अंतरपाट धरलेला होता, मंगलाष्टकं चालू होती. पलीकडून त्याच्या मेहुण्यानं एवढंच सांगितलं, "दाजी गेले. नांदेडला नेताना वाटंतच." मी फोन खिशात टाकला आणि कॅमेरा परत डोळ्याला लावला. अक्षता पडल्या, हार घातले गेले, पंगती बसल्या, सगळं घेतलं. कुणी विचारलं असतं तर धंदा होता म्हणून सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही. आठवडाभरानं आमच्या व्हिडिओवाल्यांनी त्याला श्रद्धांजली वाहिली. ज्यांनी सात वर्षं त्याचं नाव निघालं की नाक मुरडलं, ते सगळे दोन मिनिटं माना खाली घालून उभे होते. मी पहिल्या रांगेत होतो.

गोविंद राठोड औंढ्याजवळच्या तांड्यावरचा, मी औंढ्यातल्याच पुजाऱ्याच्या घरातला. शाळेत एका बाकावर बसलो आणि नव्वदीच्या मध्यावर दोघांनी मिळून लग्नाच्या शूटिंगचं दुकान काढलं. मी बोलण्यात पुढे, म्हणून गिऱ्हाईक माझ्याकडं, यंत्रं त्याच्याकडं. तो मला चिडवायला 'महाराज' म्हणायचा. पुढं आम्ही संगणकावर एडिटिंग करायला लागलो, तेव्हा मुंबईतल्या कुठल्याशा स्टुडिओनं मोडीत काढलेला एक मॉनिटर त्यानं नांदेडच्या भंगारातून शोधून आणला. जाड काचेचा, लोखंडी पेटीचा, दोघांनी मिळून उचलावा असा. एसटीत खिडकीजवळच्या सीटवर त्यानं तो मॉनिटर बसवला आणि स्वतः औंढ्यापर्यंत उभा राहिला. मी हसलो तर म्हणाला, "पाव्हणा हाय. पाव्हण्याला उभा ठेवत असतेत व्हय?"

त्या पाव्हण्याला संगणकाशी बोलतं करायला त्याला चार महिने लागले. वाचणाऱ्याला कंटाळा येईल, पण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. घरच्या टीव्हीवर चित्र एकदम उमटत नाही. आधी एकाआड एक रेषा भरतात, मग मधल्या उरलेल्या. सेकंदाला पन्नास वेळा हे अर्धं-अर्धं चालतं आणि आपल्या डोळ्याला ते सलग दिसतं. संगणकाचा पडदा मात्र सगळ्या रेषा एका दमात दाखवतो. त्यामुळं आमचं काम गिऱ्हाइकाच्या घरी कसं दिसेल, हे त्या जुन्या मॉनिटरवरच कळणार होतं, आणि संगणक त्याला हवं तसं चित्र द्यायला तयार नव्हता. गोविंदनं वायरी स्वतः डाख देऊन जोडल्या. मग तो आकडे बसवायला लागला: आडवे ठिपके सातशे वीस, वरपासून खालपर्यंत रेषा पाचशे शहात्तर, सेकंदाला पंधरा हजार सहाशे पंचवीस रेषा, वर किती मोकळ्या, खाली किती... एक आकडा चुकला की चित्र वर वर पळायचं, मॉनिटर बारीक शीळ घालायचा, नाहीतर पडदा काळाठिक्कर. एका दुपारी चित्र जागेवर थांबलं. थरथर नाही, पळापळ नाही. "धरलं बघ," तो म्हणाला. ते आकडे त्यानं एका कागदावर लिहून मॉनिटरच्या कुशीला चिकटवले.

त्या दिवसापासून दुकानाचा एक नियम झाला. कॅसेट बाहेर जाण्याआधी त्या मॉनिटरवर पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायची. मॉनिटर तापायला अर्धा तास, संगणकाला ते आकडे घालायचे, मग तीन तासांचं लग्न परत बघायचं. मी वैतागायचो. तो म्हणायचा, "लोकायच्या घरी जे दिसणार, ते आधी आपुन बघायचं. तकलीफ आपली, त्यायची नको."

शिरड शहापूरच्या नानांच्या मुलीचं लग्न आम्ही घेतलं, तेव्हा दोन हजार साल उलटून गेलेलं होतं. नाना करारी माणूस, कुणी त्यांना हसताना पाहिलेलं नव्हतं. लेकीच्या वरातीत ते बँडपुढं नाचले. दोन्ही हात वर करून, डोळे मिटून. गोविंदनं ते सगळं घेतलं. लग्नाला महिना व्हायच्या आत नाना झटक्यानं गेले. तेराव्याच्या दिवशी सकाळी त्यांची जीप दुकानाच्या दारात उभी राहिली. पाव्हणे जमलेत, नानांना नाचताना बघायचंय, कॅसेट आत्ताच्या आत्ता पाहिजे. गोविंद आखाडा बाळापूरला दुसऱ्या लग्नात होता. मी कॅसेट भरायला घेतली. आधी कुठल्या रेषा जाणार, विषम की सम, असं संगणक विचारतो. मी जे सुचलं ते दाबलं. मॉनिटर तापवला नाही. संगणकाच्या छोट्या चौकटीत सगळं नीट दिसत होतं, तेवढ्यावर कॅसेट हातात दिली आणि दुसऱ्या लग्नाला जागा पाहिजे म्हणून डिस्क लगेच मोकळी केली. शूटिंगची मूळ टेप तर गोविंदनं बाळापूरलाच नेली होती. एकावर दुसरं लग्न घ्यायचं, हा आम्हा सगळ्यांचा रिवाज.

रेषा उलट गेल्या, म्हणजे नंतरच्या आधी आल्या, की उभा माणूस ठीक दिसतो, पण हलला की हात पुढं जातो, मागं येतो, परत पुढं जातो. तेराव्याला, भरल्या घरात, नाना टीव्हीवर नाचायला लागले आणि फेफरं आल्यासारखे थरथरायला लागले. त्यांची बायको किंचाळून उठली म्हणे.

दुसऱ्या दिवशी नानांचा मुलगा भास्कर दुकानात आला. आम्ही दोघंही तिथंच होतो. त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. सरळ गोविंदच्या पुढ्यात जाऊन म्हणाला, "काहून केलं बे असं? मेलेल्या माणसाचा तमाशा केला तू. तांड्यावरच्याला मशीन कळतीय व्हय?" मग माझ्याकडं वळून, आवाज उतरवून, "महाराज, तुमी तरी काहून याच्या नादी लागलाव?" गोविंद माझ्याकडं बघत होता. किती वेळ, ते मला आजही मोजता येत नाही. मी वायरींचा गुंता सोडवत बसलो. मग तो म्हणाला, "चूक झाली. कॅसेट द्या भाऊ, एक रेष सरकवली की बराबर व्हईल. नाना नीट दिसतील."

"त्या कॅसेटला तुझा हात लागू देणार न्हाई," भास्कर म्हणाला आणि गेला.

मला वाटलं, आता गोविंद बोलेल. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं एवढंच म्हटलं, "महाराज, तू जाऊन माग. तुला देतील." मी म्हणालो, जातो. गेलो नाही. कॅसेट मागायची तर चूक कुणाची ते सांगावं लागलं असतं, आणि आमच्या घराचं नाव, वडिलांचा मान... सबबी काय, हव्या तेवढ्या सापडतात. गोविंदनं परत कधी विचारलं नाही. पंचक्रोशीत बातमी पसरायला आठ दिवस लागले नाहीत. गिऱ्हाईक म्हणायला लागलं, शूटिंग तुमी करा, त्याला आणू नका. मी त्याला तसं सांगितलंही, अगदी समजुतीच्या सुरात. तो मॉनिटर आणि जुना संगणक घेऊन तांड्यावर गेला. शेती बघायचा, कुणाचा टीव्ही दुरुस्त करून द्यायचा. माझं दुकान चाललं. मी नवे कॅमेरे घेतले.

परवा, तो गेल्यावर तीन आठवड्यांनी, मी तांड्यावर गेलो. वहिनींनी पाणी दिलं. कोपऱ्यात मॉनिटर, वर आरसे लावलेलं भरतकामाचं कापड. कुशीला तोच कागद, पिवळा पडलेला. आकड्यांच्या खाली, नंतर कधीतरी वेगळ्या पेनानं लिहिलेली ओळ: 'नानांसाठी – एक रेष खाली.' वहिनी म्हणाल्या, "दर दिवाळीला मशीन लावून बघत. म्हणत, महाराज कॅसेट घिऊन येईल, तवा हे बंद पडून राहायला नको."

तिथून मी थेट शिरडला गेलो. भास्करला सगळं सांगितलं, सात वर्षांपूर्वी दुकानात सांगायचं होतं ते. त्यानं ओरडावं असं वाटत होतं. तो उठून आत गेला. कॅसेट आणून माझ्या हातात दिली. "आई गेली दोन साल झाले," तो म्हणाला. "शेवटपर्यंत ती टीव्हीफुडं बसली न्हाई. तुमी मागितली असती तर तवाच दिली असती, महाराज."

कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसत होती. पुसून, हळूहळू फिरवून, तांड्यावरच गोविंदच्या संगणकात उतरवायला घेतली. वीसएक सेकंदं चित्र आलं आणि मग नुसत्या मुंग्या. तेवढं घेऊन मी मॉनिटर तापवला, पुरा अर्धा तास. कागदावरचे आकडे घातले. चित्र एक रेष खाली सरकवलं. पडद्यावर बँडवाले आले. ढोलवाल्याचा हात वर गेला, खाली आला. कुठं अडखळला नाही. बँडमागची गर्दी बाजूला व्हायला लागली, कुणाला तरी वाट करून देत होती, आणि तिथंच चित्र संपलं. नाना आलेच नाहीत.

"बराबर होतं का त्यायचं?" वहिनींनी मागून विचारलं.

"बराबर होतं."

त्यांनी पुढं होऊन बटण बंद केलं, कापड टाकलं, कोपरे नीट केले. मी उठलो. दारात चपला घालताना "येतो वहिनी," म्हणालो. आपल्याकडं अशा वेळी घरातून 'या' म्हणतात. मी थोडा वेळ थांबलो. वहिनी काही म्हणाल्या नाहीत.