चिडचिडीच्या औषधासाठी नवी मुंबई

कराडची एसटी संध्याकाळी पनवेलला टेकली, तेव्हा माझ्या मनगटावर जुईच्या दातांचे ताजे वळ होते. जुई माझी लेक, नऊ वर्षांची. ऑटिझम म्हणजे काय हे गावात समजावत बसण्यापेक्षा ‘जरा चिडकी आहे’ म्हणणं सोपं जातं. ती स्वतःच्या कानशिलावर बुक्के मारते, जवळ येईल त्याला चावते. नवी मुंबईतल्या एका इस्पितळात अशा मुलांच्या चिडचिडीवर नव्या औषधाची चाचणी चालली होती. त्यासाठी मुलं निवडायची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती.

मुक्काम खांदेश्वरला, दादाच्या नव्या फ्लॅटवर. तिथे माणसांपेक्षा इमारती जास्त. वहिनीने सोडे (सोलून वाळवलेली कोलंबी) घालून वांगी केली होती. जुईने ताट भिरकावलं आणि किंचाळत सुटली.

“सोसायटीत लगेच कम्प्लेंट होते हो वन्सं,” वहिनी म्हणाली.

सकाळी मी आंघोळीला गेले तेवढ्यात वहिनीने जुईला नवा फ्रॉक घातला, दोन वेण्या घातल्या, वर अबोलीचा गजरा. “सिलेक्शन आहे ना आज, शहाणी दिसायला हवी.” शाळेच्या ॲडमिशनला नेतात तसाच तिचा थाट. जुई गप्प होती. मला बरंच वाटलं.

आम्हा तिघींना घेऊन रिक्षा खाडीच्या कडेने निघाली. रिक्षावाला जवळच्याच गावचा.

“इथं आमचा मिठागर व्हता, ताई. आता हास्पिटल हाय,” तो म्हणाला.

डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला मऊ. जुई खुर्चीत पेंगत होती.

“घरी काही औषध चालू आहे?”

“नाही,” मी म्हणाले.

“मी दिलं ना सकाळी,” वहिनी कौतुकाने म्हणाली. “दुधातून सर्दीचं, थोडं जास्तच. झोप येते त्याने. म्हटलं, तुम्हाला त्रास नको.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “गुंगीचं काही घेतलेलं मूल चाचणीत घेता येत नाही. आणि चिडचिड मोजायची होती, ती आज दिसलीच नाही.”

“उद्या आणते.”

“यादी आज बंद होते. सॉरी.”

मी मनगट पुढे केलं. त्यांनी ते नीट पाहिलं. “तुमच्यावर विश्वास आहे माझा. पण नियम सगळ्यांना सारखे.”

बाहेर आल्यावर वहिनी रडायला लागली. “चांगल्यासाठीच केलं हो मी.” वर्षानुवर्षं चावणारी माझी पोर नेमकी एक सकाळ गुणी निघाली, आणि तेवढीच सकाळ कामाची होती.

परतीच्या एसटीत, घाट चढताना औषध उतरलं. गजरा विस्कटला, फ्रॉकची बाही फाटली, माझ्या दुसऱ्या मनगटातून रक्त आलं. सगळी गाडी मागे वळून बघत होती.

“बाई, मुंबईच्या मोठ्या डॉक्टरला दावा की हिला एकदा,” पुढच्या सीटवरचे आजोबा म्हणाले.

“तिथूनच येतेय,” मी म्हणाले. “तिथे फार शहाण्यासारखी वागली.”